सहाशे बारा

पारसिकच्या माथ्यावर हिराजीकाका
यंत्र डोळ्याला लावतो. बटण.
लाल आकडा : सहाशे बारा.
"कशाचं रं?"
त्या टॉवरवरच्या क्रेनचं.

त्याच्या काळी अंतर खाचरांत असायचं.
तीन खाचरं, एक बांध, मग डुक्कर.
नुसता काळा गोळा दिसला तर श्वाससुद्धा नाही,
कान वेगळे दिसले की खटका.

बंदूक निवडणुकीत चौकीत जमा केली,
त्याला सात वर्षं झाली.
आणायला तो गेलाच नाही.

मी समजावतो : किरण जातो, आपटतो,
परत यायला लागलेल्या वेळावरून मीटर.
"आन् मधी कारवीची काडी आली तं?"
मग काडीचंच अंतर दाखवतं.
"म्हंजे याला पन चकवा लागतो,"
काका हसतो, यंत्र घट्ट धरतो,
आणि हळूहळू खाली वळवतो,
खाडीच्या अंगाला, जिथे त्यांचं शेवटचं खाचर होतं,
जिथे आता नुसतं धुरकट.

बटण. चार आडव्या रेघा.
पुन्हा बटण.
रेघा.

"धर्माजी तवा तिथंच बसला व्हता," तो म्हणतो,
"घोंगडी घेऊन.
मला तं कान दिसलं व्हतं."

मी भिंगाचं झाकण शोधतो.
एकाही खिशात नाही.