ओळखा पाहू

आई, तुझ्या प्रेताशी उभं राहून पाद्रीबाबा म्हणाले,
"ड्रुसिला पार्डी, शांत स्वभावाची बाई."
मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं,
मग पुढचा बाक,
मग मीसुद्धा, रुमाल तोंडात कोंबून.
नवे होते ते. त्यांचा काय दोष.

त्यांना कोणी सांगितलं नसणार
की नाताळानंतरच्या बारा रात्री
न्यूफाउंडलंडच्या या खडकाळ टोकावर
माणसं आपापली राहत नाहीत.
तोंडावर उशीचा अभ्रा, बाईच्या अंगात बाप्याची विजार,
पोटाशी उशी, पाठीला कुबड,
आणि बोलायचं ते श्वास आत ओढत,
म्हणजे आवाज कोणाचाच राहत नाही.
दार वाजवायचं : सोंगं आलीत, घेता का आत?
घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं
की अभ्रा काढायचा, केक खायचा, रम घ्यायची.
नाव येईपर्यंत नाचायचं.

तू फार नाचायचीस.
एका वर्षी बुटांखाली खोकी बांधून ताडमाड झालीस.
एका वर्षी मॉस काकांचं लंगडणं असं उचललंस
की काकूंनी बखोट धरून तुला घरी नेलं,
"जेवण कधीचं गार झालंय" म्हणत.
एका वर्षी घोड्याची मागची बाजू.
पुढची बाजू कोण होतं
ते मरेपर्यंत सांगितलं नाहीस.

मला लाज वाटायची. खरं सांगते.
शाळेत मुली म्हणायच्या,
काल तुझी आई आमच्या टेबलावर चढली होती.
मी म्हणायचे, कशावरून तीच होती?

मग कॉडची मासेमारी बंद झाली ते वर्ष.
होड्या उपड्या. धक्क्यावर नुसते पक्षी.
बाबा टेबलाशी बसून स्वतःचे हात बघायचे,
जणू कोणीतरी ते तिथे विसरून गेलंय.
त्या नाताळात गावातून एकही सोंग निघालं नाही.
सहाव्या रात्री तू खुंटीवरून
बाबांचा समुद्रावरचा पिवळा कोट काढलास.
"वापरला नाही तर तडकतो," एवढंच म्हणालीस
आणि एकटी गेलीस.
एकवीस घरं. गुडघाभर बर्फ.
शेवटी आपलंच दार वाजलं.
बाबांनी वर पाहिलं :
स्वतःचा कोट, स्वतःचे बूट, कानटोपी.
बराच वेळ पाहिलं.
"हा हेडली पार्डी," म्हणाले.
"आत घ्या याला. गारठलाय."
नंतर ते हसले की रडले
यावर माझं आणि भावाचं अजून एकमत नाही.

आजी झालीस आणि जास्तच बिघडलीस.
माझ्या ब्रायनीला शिकवलंस काय, तर
पत्त्यांत लबाडी,
आणि कवळी काढून बँकेशी फोनवर बोलणं.
वृद्धाश्रमात तिसऱ्याच आठवड्यात
तुला बिंगो खेळायला बंदी झाली.
शेवटी इस्पितळात डॉक्टरने विचारलं,
"आजी, तुमचं नाव काय?"
"ओळखा पाहू."
त्याने कागदावर लिहिलं : स्मृतिभ्रंश.
मी खोडायला गेले, तर
तू माझा हात दाबलास.

या नाताळात, तुझ्याविना पहिल्याच,
दार वाजलं.
बाहेर अभ्रा, लेसवाला, तुझा.
अंगात पिवळा कोट, कोपरापाशी तडकलेला.
श्वास आत ओढत कोणीतरी म्हणालं,
घेता का आत?
भाऊ एकेक नाव घेत सुटला,
शेजारची, पलीकडची, मेलेल्या दोघातिघांचीही.
सोंग नाचत होतं, ताल चुकवत, टेबलाकडे बघत.
डाव्या बुटाची नाडी
ब्रायनी बांधते तशी, दोनदा गुंडाळून.

मी गप्प राहिले.
नाव घेतलं असतं तर अभ्रा काढावा लागला असता.
रमचा पेला भरला,
अभ्र्याखालून नळी आत सरकवली
आणि टेबलावरच्या बश्या उचलून घेतल्या.