फाटकापाशी अंडी

कौन्सिलचा पोरगा आला आठच्या बोटीने,
नाव एर्लेंड, तोंडाचा रंग कोबीच्या पानाचा.
सकाळची न्याहारी ऑर्कनीच्या समुद्राने ठेवून घेतलेली.
म्हणाला, बाई, अंडी विकण्याचे नियम सांगायचेत.
म्हटलं, आधी बस. नियम उभ्याने ऐकू नयेत.

अंडी धुवायची नाहीत.
कवचावर साय असते, डोळ्यांना न दिसणारी,
पाण्याने ती जाते, आणि आत शिरायला वाट होते.
कोंबड्यांना हे कधीचं माहीत आहे. तरी मी मान हलवली.
तडा गेलेलं विकायचं नाही. शीट लागलेलं विकायचं नाही.
(म्हणजे ती आपण खायची.)
खोकं जुनं असेल तर आधीच्या कंपनीचं नाव खोडायचं,
एक अक्षर वाचता येता कामा नये.
मी त्याला माझी काळी शाई दाखवली.
रोज रात्री रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकत
मी एकेक नाव बुजवते, वर लिहिते: थोरा, स्कार्फनेस.
आणि कुठल्या तारखेच्या आत खावं ते.
‘ताजी’ लिहू नका, तो म्हणाला.
ताजी म्हणजे काय, याला तीन पानं आहेत.

कोंबड्या किती?
अकरा. आणि ग्रिझेल.
दोन वर्षांत तिने अंडं दिलेलं नाही,
पण कोंबडा तिच्यापुढे शेपूट आवरून चालतो.
त्याने अकरा लिहिलं. थांबला. बारा केलं.
तिथे मला पोरगा आवडला.

मग पैशांचा डबा बघायचा म्हणाला,
दगडी कुंपणाच्या खाचेतला, ज्यावर लक्ष कुणाचंच नसतं.
उपडा केला: नाणी, एक शिंपला, आणि बटणं.
बटणं?
बुधवारी सहा अंडी जातात आणि चार बटणं येतात.
कधी शिंगाची, कधी निळ्या काचेची,
सगळी एकाच शिवणपेटीतली.
त्या पेटीच्या मालकिणीशेजारी
चर्चच्या बाकावर मी तीस वर्षं बसले.
त्याने पानं उलटली, पुढे, मागे.
यावर नियम नाही, म्हणाला. हळूच म्हणाला.

अंडं उकडून दिलं तर घेईना, भेट चालत नाही.
डब्यात नाणं टाकून आला, मग खाल्लं,
चमच्याने, लहान मुलासारखं, तळ खरवडून.
त्याच्या कोटाचं दुसरं बटण वाऱ्याने नेलेलं.
मी डब्यातलं शिंगाचं लावून दिलं.
ही पण भेटच झाली, तो कुरकुरला.
नाही रे, म्हटलं. याची अंडी कधीच कुणीतरी खाल्लीत.

चारच्या बोटीला धक्क्यावर सिगर्ड होता, नेहमीसारखा,
दोर सोडायला.
त्याने पोराच्या कोटाकडे पाहिलं, वरून दुसऱ्या बटणाकडे,
आणि दोर हातातच राहिला.
बोट तीन मिनिटं उशिरा सुटली.
तेही कुठेतरी लिहून ठेवावं लागतं म्हणे.