डावी बाजू

गोष्ट आमच्याकडे दुधाबरोबरच पाजतात:
तीन भाऊ दिवसा तट बांधायचे,
रात्री तट ढासळायचा.
वाटेवरचा म्हातारा म्हणाला,
उद्या जी जेवण घेऊन येईल तिला चिणा, मग टिकेल.
थोरल्या दोघांनी उशीवर कुजबुजून टाकलं.
धाकट्याने शब्द पाळला.
शब्द पाळला, असंच म्हणतात अजून
श्कोदरमध्ये, मान हलवून, कौतुकाने.

ती भाकरी आणि पाणी घेऊन आली.
रडली नाही म्हणे. मागणं मागितलं:
माझी उजवी बाजू बाहेर ठेवा.
डोळा, बाळ दिसायला.
हात, थोपटायला.
पाय, पाळणा ढकलायला.
आणि उजवा स्तन.
दगड अजून पाझरतो. बाळंतिणी
ती पांढरी ओल बोटाने टिपून छातीला लावतात.
मीही लावली, एग्लीच्या वेळी, दोनदा.
मग दुकानातून पावडरचा डबा आणला.

किल्ल्याला तिचं नाव लागलं.
तिला हाक मारायला काही उरलं नाही.

मी डावखुरी.
शाळेत लुचिये बाईंनी माझा डावा हात
वर्षभर बाकाला बांधला, लाल लोकरीने.
वाईट नव्हत्या. घंटा झाली की गाठ स्वतः सोडायच्या,
मनगट चोळून द्यायच्या.
म्हणून असेल, मला गोष्टीत एवढंच विचारायचं होतं:
डावीचं काय झालं?

उजवी उजवली. बाळ वाढलं, तट उभा राहिला,
खालून बूना नदी वाहत राहिली.
डावी डावलली.
चुन्यात डावा डोळा उघडा होता की मिटलेला,
आतलं दूध कुणाला,
आणि तो हात,
इतकी शतकं, सुटी चार बोटं घेऊन,
काय करत असेल?
माझा बाकाखाली करायचा तेच.
ओरखडे.

मी बुटांच्या कारखान्यात शिवते, इटलीला जाणारे बूट.
खोक्यातला पातळ कागद घरी आणते,
त्यावर लिहिते. कागद करकरतो,
म्हणून सगळे झोपल्यावर नाही,
वॉशिंग मशीन चालू असताना.

आठ मार्चला वाचनालयात ही कविता वाचली.
टेबलावर मिमोझा, पिवळा, शिंका आणणारा.
माझ्या कवितेत त्या थोरल्या दोघी सापिणी होत्या.
सगळं ठाऊक असून पीठ मळत बसल्या,
धाकटीला जाऊ दिलं.
टाळ्या पडल्या.
पहिल्या रांगेत माझी जाऊ बसली होती, द्राने,
कोट न काढता, मांडीवर पर्स.
ती टाळ्या वाजवत होती, सगळ्यांसारख्याच.

सात वर्षांपूर्वी, एका रात्री,
ती अंगणातून आली होती, चपला हातात घेऊन.
उद्या तुला नोटरीकडे नेतील, म्हणाली,
घराच्या कागदावर सही घ्यायला.
जाऊच ती, आणि म्हणाली काय,
तर जाऊ नको.
पहाटे त्यांच्या खोलीतून आवाज आले.
आठवडाभर तिने डोक्याचा रुमाल
जरा खाली ओढून बांधला.

विसरले नव्हते.
कवितेत बसत नव्हतं, म्हणून गाळलं.
माझ्याही ओळी रात्री ढासळायच्या,
मलाही कुणीतरी चिणायला हवं होतं,
आणि ती जेवण घेऊन आलीच होती.

घरी जाताना आम्ही दोघी पुलावर थांबलो.
मी काहीतरी म्हणायला लागले.
ती म्हणाली, छान वाचलंस, जरा जोरात वाच पुढच्या वेळी,
मागच्यांना ऐकू येत नव्हतं.
मग म्हणाली, थोरलीने सांगितलं असतं तर?
तर किल्ला झाला नसता, मी म्हटलं.
न होवो, ती म्हणाली. नुसता डोंगर असता.
शेळ्या चरल्या असत्या.

आज पुन्हा कागद काढलाय.
रात्री एक बाई चपला हातात घेऊन अंगण ओलांडते.
एवढंच झालंय.
कुत्रं भुंकतं की नाही, ते ठरत नाहीये.
मशीन पाणी सोडतंय.
अजून नऊ मिनिटं आहेत.