मर, आणि खाली आकडा

खोडावर तांबड्या रंगानं लिहून गेले:
मर, आणि खाली आकडा.
कन्नडात मर म्हणजे झाड.
दुसऱ्या गेटाच्या अल्याडपल्याड राहणाऱ्या कुणालाही
हे सांगावं लागत नाही.
तरी त्या सकाळी, दुधाची पिशवी हातात धरून,
मी वाचलं ते मराठीतच.

सत्तेचाळीस आमच्या दारातला. नांद्रुक.
सेहेचाळीस मिनेझिस बाईंची बकुळ,
आणि अठ्ठेचाळिसाला गल्लीत नावं तीन:
नीलव्वा म्हणायची होंगे, आम्ही करंज,
आणि इस्त्रीवाला हुसेनसाब नुसतं
दुकान.

खोटं कशाला बोलू,
ह्याच नांद्रुकाच्या फांदीला त्या रात्री
अँब्युलन्सचं टप अडकलं होतं.
आत हे होते, छातीवर हात धरून.
पाच मिनिटं मागंपुढं, मागंपुढं.
तेव्हा मी झाडाला दिलेली शिवी
अजून कुणाला सांगितलेली नाही.
वाचले हे. पुढं सहा वर्षं
त्याच्याच बुंध्याशी खुर्ची टाकून पेपर वाचला.

हरकतीचा अर्ज कन्नडातच द्या, म्हणाले.
नीलव्वाचा नातू लिहायला बसला.
मी सांगत गेले, तो लिहीत गेला.
"आजी, सावलीला नेरळु लिहितो."
लिही बाबा.
"आणि लळा?"
पेन थांबलं. आतून आजीला हाक मारली त्यानं.
नीलव्वा पदराला हात पुसत आली,
उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, "अदु बिडु. हापिसात तसलं चालत न्हाई."
तेवढी जागा कोरी राहिली.
वर शिक्का बसला, पोच मिळाली.
पोच अजून आहे. मीटरच्या पेटीत.

यंत्र आलं गुरुवारी.
फांद्या आधी, मग वरून खाली,
जसं एखाद्याचे दागिने उतरवतात तसं.
त्यांच्यातला एक पोरगा पाणी मागायला आला,
केसांत, भुवयांत भुसा.
दिलं. नाही कसं म्हणायचं?
तांब्या परत करताना मागं वळून म्हणाला,
"भाळ हळे मर री."
या वेळी मला नीट ऐकू आलं:
झाड. फार जुनं झाड.
पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तिकडं
दोरी ताणली गेली होती.

आता दुपारी तीनला स्वयंपाकघरात ऊन येतं.
इतक्या वर्षांत ते घर त्यानं पाहिलंच नव्हतं,
पाहुण्यासारखं डब्यांवरून फिरतं.
कपडे तासात वाळतात. लोक म्हणतात, बरं झालं.
हुसेनसाबचा गाडा कुठं गेला, कुणाला नक्की ठाऊक नाही,
कुणी अनगोळ म्हणतं, कुणी वडगाव.
ह्यांचा एक शर्ट त्याच्याकडंच राहिला.
धनेशाची जोडी दोनदा येऊन गेली.
दिव्याच्या खांबावर बसली, मान वाकडी करून
खाली बघितलं,
जसं पत्ता चुकलेलं माणूस
दारावरची पाटी परत परत वाचतं.

पानांवरून आमची भांडणं व्हायची.
नांद्रुकाचा पाला नीलव्वाच्या रांगोळीत,
होंग्याची फुलं माझ्या पायरीवर.
मी मराठीत, ती कन्नडात,
आणि दोघींचं दोघींना सगळं समजायचं,
सुनांनी ऐकू नये असलंसुद्धा.

काल सकाळी सवयीनं खराटा घेऊन बाहेर आले.
तीही आली होती, तिचा घेऊन.
मध्ये रस्ता. नवा, काळा, साफ.
एक पान नाही.
दोघी उभ्या राहिलो.
बऱ्याच वेळानं तिनं माझ्या बाजूला बोट केलं,
जुन्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून:
"ह्यो कचरा कुणाचा गं?"

मी म्हटलं, तुझाच.
आणि झाडू लागले.