नखाएवढी मोकळीक

घणसोलीच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत
हरेश्वरकाका पातं बोटावर तोलतात.
एक बाजू किंचित झुकते.
पॉलिश पेपरचे चार हात, फुंकर, पुन्हा बोट.
आता कुणीच कुणाला खाली ओढत नाही.

आधी स्पिनरची चकती, मग पातं, वॉशर, नट.
कॉम्प्रेशन लागेपर्यंत फिरव, म्हणतात,
आणि दोनच्या काट्यावर थांब.
मी पाना आवळते.
"अजून.
अजून. बास! लाकूड आहे, वैरी नाही."

त्यांच्या तर्जनीचं पेर
रबाळ्याच्या कंपनीत राहिलं, आई सांगते.
ते सांगतात, इंजिनाने खाल्लं.

शेवटी लाल टोपी.
तिच्या खाचेत पात्याला नखाएवढी मोकळीक.
तिच्यात माझं तोंड, नाकच नाक.

"मागे हो," म्हणतात,
आणि तेच अर्धं बोट
पात्याला लावतात.