शेवटचं धुवण

पान आधी नळाखाली. मग स्पिरिटमध्ये एक मिनिट,
ब्लीचमध्ये तीन, पुन्हा स्पिरिट,
मग तीनदा उकळून गार केलेलं पाणी.
शेवटचं धुवण फेकायचं नाही.
ते एका बशीत घालून आठवडाभर बघायचं.
तिथं काही उगवलं नाही
तरच पानातून उगवेल ते आतलं.

हेरिझो म्हणतो, तू पान धुतेस
जसं परक्याचं तान्हं न्हाऊ घालावं.
तो राजधानीतला. त्याला ही कुंडीतली फुलं.
मी दक्षिणेची. अंबोवोम्बेच्या रेताडात
वुनेनिना कुठंही येते,
निवडुंगाच्या कुंपणाशी, थडग्यांच्या दगडांत,
गुलाबी, बारमाही. बकऱ्या तोंड लावत नाहीत.

आई मुळं खणायची. दलाल किलोवर घ्यायचा,
ओली दिसली की वजनातून पाणी कापायचा.
कुठल्याशा थंड देशात त्यातून औषध निघतं,
पोरांच्या रक्तातल्या कॅन्सरवर,
टनभर पाल्यातून चिमूटभर,
हे आम्हाला कोण सांगणार?
आई म्हणायची, चहा करत असतील मेले.

आठव्या दिवशी धुवणाची बशी कोरी
आणि पानाच्या कापल्या कडेतून
पांढरं काही, पिंजलेल्या कापसागत.
बुरशी. पानात बिऱ्हाड करून राहिलेली,
भाड्यापोटी कडू देणारी.
की कडू तिचंच होतं, आणि नाव झाडाचं?
यंत्राच्या कागदावर टोक उठलं
औषधाचं उठतं तिथंच.
हेरिझोनं मला उचललंच असतं,
हातात मोजे होते म्हणून वाचले.

पुढच्या बशीत टोक ठेंगणं.
सहाव्या बशीत बुरशी गुबगुबीत, साखरेवर पोसलेली,
कागदावर सरळ रेघ.
तिचं तरी काय चुकलं?
राखायला पान नाही, कुरतडायला अळी नाही,
कडू करावं कोणासाठी?

ताज्या मुळाच्या वासाला आमच्या बोलीत
एक शब्द होता. परवा फोनवर तो मला सापडेना.
आईला विचारलं. ती हसली,
म्हणाली, ये आणि हुंगून जा.
मी गेले नाही. तिनंच पिशवी पाठवली,
दोन रात्री ट्रकच्या टपावरून,
पाला अर्धा काळवंडलेला.

सातव्या बशीत त्याचा काढा घातलाय, चमचाभर.
हेरिझोनं वहीत विचारलंय: कारण?
ती जागा मी रिकामी सोडली.

आज पाचवा दिवस.
धुवणाची ती पहिली बशी
अजून फळीवर आहे, टाकवत नाही.
रोज झाकण उचलून बघते.
कोरी.