एकवीस तोळे

हाकिमुद्दीनभाईंनी काचेवर आधी फडकं अंथरलं,
मग त्यावर ते ठेवलं,
मी लोकांच्या घरी पाटल्या ठेवून घेते, तसं.
"उचलून बघा, बाई."
उचललं,
आणि हात नको तितका वर गेला,
भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसा.

अडीचशे ग्रॅम. सवयीने तोळे केले:
एकवीस, वर पाच मासे.
माझी वेब्ली अठ्ठावन्न भरायची.
पर्स टेबलावर ठेवली की ठक्क व्हायचं
आणि समोरचा माणूस घासाघीस थांबवायचा.

"कानपूरचं आहे," ते म्हणाले,
स्थळ सुचवावं तशा आवाजात:
घराणं साधं, पण व्यसन नाही.

बत्तीस वर्षं मी दुसरं नाव तोंडात घेतलं नाही.
वरळीच्या रेंजवर कोचरेकर सर म्हणायचे,
पोलाद जड लागलं पाहिजे, नाहीतर हात खोटं बोलतो.
लोक चहाच्या पुड्याचं कौतुक सांगतात, घड्याळाचं,
मी नळीवरच्या त्या कोरीव अक्षरांचं सांगत फिरले.
भाच्याने एकदा दुसऱ्या कंपनीचा कॅटलॉग आणला,
तर न उघडताच
तापल्या पातेल्याखाली घातला.

आणि धंदा काय माझा?
शिक्क्याला भुलायचं नाही, हा.
ठाकूरद्वारच्या तळपदेबाई गळ्याशपथ सांगायच्या,
पेढी कुठली, शिक्का कुणाचा.
मी मान डोलवायची
आणि काळ्या दगडावर एक रेघ ओढायची.
वेब्लीची रेघ मात्र
कधी ओढलीच नाही.

गेल्या दिवाळीत सोऱ्या दाबताना
अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी कळवळलं.
चकल्या सुनेने पुऱ्या केल्या.
मग रेंजवर:
घोडा मागे ओढेपर्यंत दोन श्वास संपायचे,
बारापैकी चार गोळ्या कागदाबाहेर,
एक तर शेजारच्या माणसाच्या कागदात.
तो सभ्य होता, त्याने ती स्वतःची धरली.
डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका.
किती चालेल?
ते गंमतीने म्हणाले, पाव किलो.

लायसनवरचं बत्तीस खोडून बावीस व्हायला
आयुक्तालयाच्या चार महिने खेपा.
प्रत्येक खेपेला साहेब विचारायचे, कमी का करताय?
लोक तर वाढवायला येतात.

दुकानातला पोऱ्या हसला,
"बावीसने काय होणार, मॅडम?
कावळासुद्धा शिवी देऊन उडून जाईल."
भाईंनी त्याला चहा आणायला पिटाळलं.
मला कुणाला पाडायचं नाही रे, बाळा.
परक्या बाईचं स्त्रीधन पोटाशी धरून
विजेविना जिना उतरताना
माझे पाय माझे राहावेत, एवढंच.

रिकामा चाप ओढला.
चक्र फिरलं. टिक्.
अंगठा गप्प.
पुन्हा. पुन्हा. आठही घरं फिरले.
मूठ जरा आखूड, करंगळी बाहेर लोंबते,
रंग तर स्टीलच्या डब्यासारखा,
त्यात मन बसेल असं काहीच नाही.
पण रेघ पिवळी उमटत होती.
मी नको म्हणत होते तरी.

"ठेवा हे," म्हटलं.
वेब्लीच्या कडीला त्यांनी सुतळीने चिठ्ठी बांधली,
वर माझं नाव, सुनीती विजयकर,
माझ्याच अक्षरात लिहून घेतलं.
तिला पुसू का म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या,
माझं तेल आहे तिच्यावर.

फोर्टातून टॅक्सी घेतली.
मेट्रोच्या सिग्नलपर्यंत पर्स दोनदा उघडून पाहिली:
आहे ना?
होतं.
चष्म्याच्या घरासारखं निवांत पडलं होतं.

शिंपी इतकी वर्षं न सांगता
माझा उजवा खांदा पाव इंच उतरता बेततो.
त्याला अजून काही बोललेले नाही.
बघू, खांदा आपण होऊन वर येतो का,
की जे नाही त्याचंच वजन
तो धरून बसतो.